बीहडात कॅमेरा : वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात चंबळ खोऱ्यातल्या घळींची (म्हणजे बीहडाची) आणि तिथल्या घडियालांची (लांब, निमुळत्या तोंडाच्या मगरींची) छायाचित्रं छापली होती. त्यानंतर मुंबई-ठाण्याकडून आलेल्या पत्रांत दोनच प्रश्न फिरून फिरून आहेत : लेन्स कोणती घेऊ, आणि माझा फोटो असा का येत नाही. पहिल्याचं उत्तर हिशेबाने देता येतं. दुसऱ्याचं उत्तर बहुतेक वेळा फोटो कितीच्या सुमाराला काढला, यातच असतं.

प्रश्न : मुलांच्या नाताळच्या सुट्टीत चंबळला जायचा विचार आहे. चार-पाच दिवस पुरतील का? मुंबईहून सोयीचं कसं पडेल? (दादर)

उत्तर : दिवस पुरतील, पण नाताळ ते मकरसंक्रांत हा काळ टाळता आला तर टाळा. गंगा-यमुनेच्या मैदानात तेव्हा दाट धुकं असतं. सकाळी दहा-साडेदहापर्यंत समोरचा काठ दिसत नाही, आणि उत्तरेकडच्या गाड्या तासन्‌तास उशिरा धावतात. पाच दिवसांतल्या दोन सकाळी अशाच जातात. फेब्रुवारीचा दुसरा आठवडा ते मार्चचा पहिला आठवडा उत्तम. हवा स्वच्छ, घडियाल अजून उन्हाला येतात, हिवाळी पाहुणे (चक्रवाक, पट्टकादंब) बरेचसे टिकून असतात आणि पाणचिरेही (चोचीने पाणी कापत उडणारे पक्षी) दिसतात.

छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसहून पंजाब मेल थेट ग्वाल्हेर आणि आग्रा कँटला जाते, दुसऱ्या दिवशी दुपारनंतर पोचवते. या दोन शहरांच्या मध्ये मुरैना आणि धौलपूर आहेत, आणि त्या दोहोंच्या मधून चंबळ वाहते. मुक्काम धौलपूर किंवा मुरैन्याला ठेवा. उत्तर प्रदेशाच्या बाजूने जायचं तर आग्र्याहून बाहकडे जावं लागतं, साधारण सत्तर किलोमीटर. तिथला नंदगाव घाट बोटीसाठी चांगला.

एक गोष्ट मुंबईकर हमखास विसरतात. धौलपूरला डिसेंबरअखेर सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि साडेपाचला मावळतो. आपल्याकडे तेव्हा सूर्यास्त सव्वासहाच्या आगेमागे असतो, त्या सवयीने लोक चहा पिऊन पाचला निघतात आणि घळीपर्यंत पोचतात तेव्हा उजेड संपलेला असतो. फेब्रुवारीच्या मध्यावर सूर्यास्त सहानंतर होतो, तेवढी सवड मिळते.

प्रश्न : घळींचे फोटो अगदी चपटे आले. प्रत्यक्षात दोन-तीन मजले खोल दरडी होत्या, फोटोत नांगरलेलं शेत वाटतंय. १६-३५ मिमी लेन्स होती, आकाश निळंशार होतं. काय चुकलं? (बोरिवली)

उत्तर : तुमच्या पत्रासोबतच्या फोटोंवर सावल्या आखूड आहेत आणि त्या दरडींच्या मागे लपल्यात. म्हणजे सूर्य वर होता आणि तुमच्या पाठीशी होता. बीहडाची माती एकाच रंगाची, फिकट पिवळसर-करडी. रंगात फरक नाही, त्यामुळे खोली दाखवायचं काम एकट्या सावलीवर पडतं. सूर्य पाठीशी घेतलात की सगळ्या सावल्या कॅमेऱ्याला दिसेनाशा होतात. सूर्य डाव्या किंवा उजव्या खांद्याच्या रेषेत, जमलं तर थोडा समोर, असा उभा राहा.

वेळ : सूर्योदयानंतरची पहिली पंधरा-वीस मिनिटं फक्त कडांना ऊन लागतं, तळ काळाकुट्ट असतो. हे दिसायला छान, पण फोटोत निम्मी चौकट काळी येते. त्यानंतरचा तासभर खरा कामाचा. तेव्हा एक उतार उजळलेला आणि त्याला लागून दुसरा सावलीत, अशी जोडी दिसते. हिवाळ्यात आणखी एक फायदा आहे. डिसेंबरअखेर तिथे भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून चाळीस अंशांच्या वर जात नाही. त्यामुळे साडेनऊपर्यंत आणि दुपारी साडेतीननंतर काम चालतं. एप्रिलमध्ये हेच साडेसातला संपतं.

आता लेन्स. उंचावरून वाइड (रुंद दृश्य टिपणाऱ्या) लेन्सने घेतलेली घळ हमखास फसते. १६ मिमीवर जवळची जमीन पसरते आणि समोरच्या कडा दूर ढकलल्या जाऊन बारीक होतात. नांगराचे तास दिसतात ते त्यामुळे. उंच कडेवरून ७०-२०० मिमी लेन्सने काम करा, १०० ते १५० मिमीच्या आसपास. कडेमागे कडा, तिच्यामागे आणखी एक, अशी रचना घट्ट बसते. फोकसचा हिशेब मात्र पाठ हवा. फुल-फ्रेमवर (३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरवर) एफ ११ला (एफ म्हणजे लेन्सच्या छिद्राचा आकडा, मोठा आकडा म्हणजे लहान छिद्र), १०० मिमीवर तीस मीटरवर फोकस केला तर पंधरा मीटरपासून अनंतापर्यंत सगळं नीट येतं. २०० मिमीवर तोच आकडा एकशेवीस मीटरवर जातो, आणि साठ मीटरच्या अलीकडचं सगळं मऊ होतं. म्हणून २०० मिमीवर जवळचं झुडूप चौकटीत घेऊ नका, किंवा दोन वेगळ्या फोकसचे फोटो काढून नंतर जोडा. एफ १६च्या पुढे जाऊन हे सुटत नाही, उलट डिफ्रॅक्शनने (बारीक छिद्रातून प्रकाश पसरल्याने) सगळंच थोडं मऊ पडतं, क्रॉप म्हणजे लहान सेन्सरवर तर आधीच.

वाइड लेन्स घेऊन घळीच्या तळात उतरा, तिथे ती शोभते. २४ मिमी, एफ ११, फोकस दोन मीटरवर : एक मीटरपासून अनंतापर्यंत सगळं स्पष्ट. दोन्ही बाजूंच्या भिंती आणि वर आभाळाची चिरी, एवढं चौकटीत येतं. इथे उजेडाचा फरक फार असतो, तेव्हा तीन फोटोंचं ब्रॅकेटिंग (एकच चौकट कमी, मध्यम आणि जास्त उजेडात) दोन-दोन स्टॉपवर ठेवा, एक स्टॉप म्हणजे दुप्पट किंवा निम्मा प्रकाश. ट्रायपॉड लागेलच.

पोलरायझरबद्दल (आभाळ गडद करणाऱ्या, चमक काढणाऱ्या फिल्टरबद्दल) तुम्ही विचारलेलं नाही, पण त्या निळ्याशार आभाळावरून तो लावलेला दिसतो. २४ मिमीपेक्षा वाइड लेन्सवर तो आभाळाचा एक पट्टा गडद आणि बाजू फिकट करतो. तुमच्या तिसऱ्या फोटोत डावीकडे तेच झालंय. शिवाय दीड-दोन स्टॉप प्रकाश खातो.

मोजमापासाठी काहीतरी ओळखीचं चौकटीत हवं. विलायती बाभळीचं झुडूप, शेळ्यांची रांग, पायवाटेवरचा माणूस (विचारून). बीहडात याशिवाय पाच मीटरची घळ आणि पंचवीस मीटरची घळ वेगळी ओळखता येत नाही. व्हाइट बॅलन्स (रंगछटेची जुळणी) ऑटोवर ठेवला तर कॅमेरा सकाळचा पिवळेपणा पुसून टाकतो. डेलाइटवर ठेवा, रॉमध्ये (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये) काढा.

आणि एक सूचना, ती फोटोपेक्षा महत्त्वाची. दरडीच्या अगदी टोकाला ट्रायपॉड लावू नका. पाणी या मातीत आतून भुयारं पाडतं. वरून सपाट दिसणारी कडा खालून पोकळ असू शकते. दोन-तीन मीटर आत राहा, जमिनीत भोक किंवा भेग दिसली तर आणखी मागे.

प्रश्न : १५०-६०० मिमी भाड्याने घ्यावी का? माझ्याकडे क्रॉप सेन्सरचा कॅमेरा आणि १००-४०० आहे. (डोंबिवली)

उत्तर : घडियालासाठी गरज नाही. शांत बोट वाळूच्या पट्ट्यापासून चाळीसेक मीटरवर थांबली तर घडियाल सहसा हलत नाही. त्याच्या अलीकडे गेलात की तो सरपटत पाण्यात उतरतो, आणि पाठोपाठ सगळा कळप. चाळीस मीटरवर ४०० मिमीची चौकट फुल-फ्रेमवर ३.६ मीटर रुंद असते, तुमच्या क्रॉप सेन्सरवर २.४ मीटर. पूर्ण वाढलेला नर पाच मीटरही असू शकतो. म्हणजे तुम्हाला झूम मागेच घ्यावं लागेल. नराच्या नाकावरचा घडा (मडक्यासारखा फुगवटा) आणि दात एवढंच हवं असेल तेव्हा ४०० वापरा.

पाणचिऱ्याचं गणित वेगळं. पक्षी पावणेदोन वीत लांब, पंखांचा पसारा साधारण एक मीटर, आणि तो अंतर तुम्हाला ठरवू देत नाही. तुमच्या क्रॉप सेन्सरवर ४०० मिमी म्हणजे फुल-फ्रेमवरची ६०० मिमीच झाली, पुरेशी आहे. भाड्याचे पैसे वाचवून बोटीची एक फेरी जास्त करा. जोखमीचा खर्च करायचाच तर तो तिथे.

बोटीत ट्रायपॉड किंवा मोनोपॉड नको, इंजिनाची थरथर त्यातून थेट कॅमेऱ्यात येते. बीनबॅग चांगली, पण तीसुद्धा इंजिन बंद असतानाच. इंजिन चालू असताना कोपर अंगाशी घट्ट धरून हातात कॅमेरा. बीनबॅग रिकामी न्या, तिथल्या वाण्याकडून दीड-दोन किलो तांदूळ किंवा हरभरे भरा, परतताना नावाड्याला देऊन टाका. वाळू भरू नका, शिवणीतून गळते आणि लेन्सच्या रिंगमध्ये जाते.

प्रश्न : पाणचिरा चोचीने पाणी कापत जातो तो क्षण एकदाही स्पष्ट मिळाला नाही. सगळे फोटो हललेले किंवा फोकस पाण्यावर. (ऐरोली)

उत्तर : हललेल्या फोटोंचं कारण शटर. उडणारा पक्षी आणि डुलणारी बोट दोन्ही सांभाळायचं तर १/२५०० सेकंद हवं. स्वच्छ ऊन असेल तर आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ४००, एफ ६.३, १/२५०० हे मॅन्युअलवर बांधून ठेवा. सकाळी आठच्या आधी आयएसओ १६००पर्यंत न्यायला घाबरू नका, दाणे नंतर काढता येतात, हललेलं काढता येत नाही. ऑटो एक्स्पोजर इथे गोंधळतं : पक्षी वाळूसमोरून गेला की फोटो काळवंडतो, गडद पाण्यासमोर गेला की पोटाचा पांढरा भाग जळतो. पाणचिऱ्याची पाठ काळी, पोट पांढरं, चोच केशरी, त्यामुळे हिस्टोग्रामच्या (कॅमेऱ्यातल्या उजेडाच्या आलेखाच्या) उजव्या टोकावर नजर हवी. पांढऱ्यात पिसं दिसत असतील तर बाकी सगळं सावरता येतं.

फोकस पाण्यावर जातो कारण पक्षी पाण्याला चिकटून उडतो आणि तुम्ही चौकटीभर पसरलेला फोकस एरिया वापरताय. लाटांची चमक त्याला पक्ष्यापेक्षा जास्त आवडते. छोटा झोन घ्या, कंटिन्युअस फोकस, पक्ष्याचा डोळा ओळखण्याची सोय असेल तर ती चालू. लेन्सवर फोकस लिमिटर असेल तर जवळचं अंतर बंद करा. पक्षी दूर असतानाच फोकस पकडा आणि सोबत या. तो समोर आल्यावर शोधायला लागलात तर संपलं.

पण बरंचसं काम कॅमेऱ्याच्या आधी होतं. पाणचिरा एका सरळ रेषेत पाणी कापत जातो, वळतो आणि पुष्कळदा त्याच रेषेने परत येतो. पहिली फेरी फक्त बघा. मग नावाड्याला सांगा, सूर्य पाठीशी राहील अशी बोट त्या रेषेच्या बाजूला थांबव आणि इंजिन बंद कर. पाठलाग करू नका, बोट पक्ष्याच्या मागे गेली की तुम्हाला फक्त शेपट्या मिळतात. बोटीत जेवढं खाली बसता येईल तेवढं बसा. पार्श्वभूमी दूर जाते आणि मऊ होते.

सराव मुंबईतच होतो. नोव्हेंबर ते मार्च गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या लाँचच्या मागे कुरव पक्ष्यांचा थवा असतो. डुलती बोट, पांढरा पक्षी, चमकणारं पाणी, सगळं तेच. चार-सहा फेऱ्यांत हात बसतो. पक्ष्यांना फरसाण फेकणाऱ्यांच्या शेजारी उभे राहिलात तरी स्वतः फेकू नका.

मार्चनंतर जाणार असाल तर आणखी एक. पाणचिरे आणि सुरय पक्षी वाळूच्या बेटांवर उघड्यावर अंडी घालतात. बेटावर उतरणं, किंवा पक्षी उठेल इतकी बोट जवळ नेणं, म्हणजे अंडी उन्हात भाजायला आणि कावळ्या-कुत्र्यांना मोकळी सोडणं. नावाडी बक्षिशीच्या आशेने ‘उतरा, जवळून घ्या’ म्हणाला तरी नाही म्हणा. काठावर आडवं पडून खालचा कोन घ्यायची हौस असेल तर तीही सोडा, त्याच पाण्यात मगरी आहेत.

प्रश्न : डॉल्फिनचा फोटो? (कांदिवली)

उत्तर : गंगा डॉल्फिन सेकंदभर वर येतो आणि पुन्हा कुठे येईल ते सांगत नाही. नदीच्या खोल वळणावर बोट थांबवून २०० मिमीच्या आसपास, १/१६०० शटर ठेवून वाट पाहा. पाठ आणि चोचीचं टोक मिळालं तरी भरून पावलात. नाहीतर दुर्बीण घ्या.

प्रश्न : दहानंतर काढलेले लांबचे सगळे फोटो लहरी-लहरी आलेत. लेन्स खराब झाली असेल का? (घाटकोपर)

उत्तर : लेन्स ठीक आहे. वाळू तापली की वरची हवा थरथरते, आणि लांब लेन्स ती थरथरही मोठी करून दाखवते. शटर वाढवून, महागडी लेन्स आणून, सॉफ्टवेअर वापरून काही होत नाही. वाळूवरून आडवं न बघता पाण्यावरून बघा, अंतर कमी करा, किंवा कॅमेरा बॅगेत ठेवून जेवून घ्या. पंचाईत एवढीच की घडियाल वाळू थोडी तापल्यावरच बाहेर येतात, शक्यतो नऊनंतर. हिवाळ्यात नऊ ते साडेदहा ही दीड तासाची खिडकी दोन्ही बाजूंनी जमते. मेमध्ये ती नसतेच.

प्रश्न : नदी सोडून घळींमध्ये कोणते प्राणी मिळतील? (कल्याण)

उत्तर : कोल्हा, खोकड, नीलगाय, रानमांजर, मोर. तरस आहे, पण तो रात्रीचा. पक्ष्यांत दरडींच्या कपारीत पांढरं गिधाड आणि घुबडं बघा. इथे सफारीसारखं गाडीत बसून काही दिसत नाही. घळीच्या तोंडाशी, वाऱ्याच्या खालच्या बाजूला, सूर्यास्ताआधी तासभर एका जागी बसावं लागतं. प्राणी तळातल्या ठरलेल्या वाटांनीच ये-जा करतात. मऊ मातीत ताजे ठसे सकाळी शोधून ठेवले की संध्याकाळी कुठे बसायचं ते कळतं. स्थानिक वाटाड्या सोबत हवाच, आतल्या घळी सगळ्या सारख्या दिसतात आणि मोबाइलला रेंज नसते. अंधाराच्या आत बाहेर पडा.

प्रश्न : घरचे दरोडेखोरांच्या नावाने घाबरवतात. (लालबाग)

उत्तर : तो काळ गेला. १९७२ला जयप्रकाश नारायणांसमोर, १९८२ला मलखान सिंग, १९८३ला फूलनदेवी, अशी शरणागतीची मालिका झाली. आता जपायचं असेल तर वाळूच्या ट्रॅक्टरपासून. नदीतून चोरटा वाळूउपसा चालतो, आणि त्या माणसांना कॅमेरा आवडत नाही. तिकडे लेन्स वळवू नका, हा विषय हौशी छायाचित्रकाराचा नाही.

प्रश्न : ड्रोन चालेल? (वाशी)

उत्तर : नाही. १९७९पासून हे राष्ट्रीय चंबळ अभयारण्य आहे, तीन राज्यांत पसरलेलं. वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय ड्रोन उडवला तर जप्ती आणि गुन्हा दोन्ही.

प्रश्न : तिथल्या धुळीचं आणि परत आल्यावर मुंबईच्या दमटपणाचं काय करायचं? मागच्या पावसाळ्यात एका लेन्सला बुरशी लागली. (विलेपार्ले)

उत्तर : बीहडाची धूळ पिठासारखी बारीक असते. बाहेर लेन्स बदलू नका, शक्य असेल तर दोन बॉडींवर दोन लेन्स चढवूनच निघा. पुढे-मागे सरकणारा झूम भात्यासारखी हवा ओढतो, गाडीत असताना त्यावर उशीचा अभ्रा घाला. रात्री आधी रबरी ब्लोअर, मग मऊ ब्रश, शेवटी गरज पडली तरच द्रव आणि कापड. थेट कापडाने पुसलंत तर ती धूळ काचेवर ओरखडे काढते. सेन्सरवर ठिपके आहेत का ते बघायला एफ २२ ठेवून मोकळ्या आभाळाचा फोटो काढा, फोकस मुद्दाम बिघडवून.

पहाटे तिथे पाच-सात अंश असतात. गार पडलेला कॅमेरा हीटरच्या खोलीत उघडलात तर आतून-बाहेरून पाणी सुटतं. बॅगेची चेन लावूनच खोलीत आणा, तासाभराने उघडा. उलट प्रकार दादरला होतो : एसी डब्यातून उतरून फलाटावरच कॅमेरा काढला की काच पांढरी. बॅटऱ्या थंडीत लवकर उतरतात, जादाची खिशात अंगाशी ठेवा.

बुरशीचं मूळ कपाटात आहे. चामड्याचं कव्हर आणि कपड्यांचं कपाट या दोन जागा सगळ्यात वाईट. ड्राय कॅबिनेट घेतलंत तर आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांवर ठेवा, त्याहून फार खाली नेऊ नका, रबर आणि वंगण सुकतं. स्वस्तातला उपाय : झाकण घट्ट बसणारा प्लॅस्टिकचा डबा, पाव किलो सिलिका जेल, आत छोटा आर्द्रतामापक. जेलचा रंग बदलला की कढईत मंद आचेवर परतून घ्या. बुरशी लागलेली लेन्स बाकीच्यांसोबत ठेवू नका, आधी साफ करून घ्या.

प्रश्न : मुलगी डेन्व्हरला असते. जूनमध्ये साउथ डकोटाच्या बॅडलँड्स नॅशनल पार्कला दोन दिवस जाणार आहोत. चंबळच्या अनुभवाचा तिथे उपयोग होईल? (मुलुंड)

उत्तर : सावलीच्या नियमाचा होईल, वेळापत्रकाचा अजिबात नाही. तिथे जूनमध्ये सूर्य पाचच्या सुमारास उगवतो आणि साडेआठला मावळतो. सकाळी साडेचारला निघा, साडेआठला परत या, दुपारी झोपा, संध्याकाळी सहाला पुन्हा बाहेर. मधल्या वेळी उजेड भाजून काढतो आणि दरडी पांढऱ्या पडतात.

चंबळची माती एकरंगी, इथे मात्र थर आहेत : लालसर पट्टे, करड्या कडा, यलो माउंड्सला पिवळाजर्द. त्यामुळे ढगाळ दिवसही वाया जात नाही. पाऊस पडून गेल्यावर ओल्या मातीचे रंग दुप्पट गडद होतात, आणि पोलरायझर ओल्या चिखलावरची चमक काढतो. तेव्हाच पायाखाली जपा. ही चिकणमाती भिजली की बुटाला किलोकिलोने चिकटते आणि उतारावर पाय ठरत नाही. दुपारी गडगडाट सुरू झाला तर कडेवरून लगेच खाली या, ट्रायपॉड खांद्यावर घेऊन तर मुळीच थांबू नका.

सकाळी बिग बॅडलँड्स ओव्हरलूक, संध्याकाळी पिनॅकल्स. प्राण्यांसाठी सेज क्रीक रिम रोड, खडीचा रस्ता आहे, हळू चालवा. रानगवे म्हणजे बायसन आणि प्रेअरी डॉगच्या वसाहती त्याच रस्त्यावर, बिगहॉर्न मेंढ्या पिनॅकल्सच्या आसपास. मोठ्या प्राण्यांपासून शंभर यार्ड, म्हणजे नव्वद मीटर दूर राहायचा नियम आहे. नव्वद मीटरवर ४०० मिमीची फुल-फ्रेम चौकट आठ मीटर रुंद येते, बायसन तीनएक मीटरचा. म्हणजे प्राणी आणि मागच्या कडा दोन्ही बसतात, आणि तोच फोटो जास्त चांगला. गुडघे टेकण्याआधी गवतात बघा, रॅटलस्नेक असतात. ड्रोनला तिथेही बंदी.

आकाशगंगा हवी असेल तर अमावास्येजवळच्या तारखा निवडा, आणि रात्री अकराशिवाय पूर्ण अंधार होत नाही हे धरून चाला. २० मिमी, एफ २.८, आयएसओ ३२००, पंधरा ते वीस सेकंद.

प्रश्न : एवढ्या लांब जाण्याआधी जवळपास कुठे सराव होईल? (पनवेल)

उत्तर : संगमनेरजवळ प्रवरेच्या खोऱ्यात नदीने साठवलेल्या जाड मातीत अशाच घळी पडल्या आहेत. चंबळइतक्या खोल नाहीत, पण उतारांचा आकार तोच. शनिवारी दुपारी निघून संध्याकाळचा उजेड आणि रविवारची सकाळ मिळते. बऱ्याच जागा शेतांच्या बांधाला लागून आहेत, तेव्हा मालकाला विचारून आत जा. पावसाळा संपल्या-संपल्या उतारांवर गवत असतं आणि आकार झाकला जातो, डिसेंबरनंतर माती उघडी पडते. घळी सपाट करून शेती वाढवण्याचं काम चंबळला चालू आहे तसं इथेही चालू आहे, म्हणून जुन्या फोटोतली जागा शोधत बसण्यापेक्षा आधी उपग्रह नकाशावर झाडाच्या फांद्यांसारखे फाटे फुटलेले करडे पट्टे बघून ठेवा.